कुठवर आलं?

आमच्या गावात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, असं कुणी मला विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन – ‘कुठवर आलं?’ गाव म्हणजे नृसिंहवाडी. हे झालं कागदावरचं नाव. यात्रेकरू नरसोबाची वाडी म्हणतात आणि आम्ही नुसतंच वाडी. कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्या जिथे एकमेकींच्या गळ्यात गळा घालतात, नेमकं तिथेच आमच्या पूर्वजांनी बिऱ्हाड थाटलं. त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे ‘काय, बरं आहे ना?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. दुधाला निघालेला माणूस घाटावरून परतणाऱ्याला एवढंच विचारतो, ‘कुठवर आलं?’

उत्तर फुटात किंवा मीटरमध्ये कुणी देत नाही. ते सरकारी खात्याचं काम. ‘पायऱ्या गेल्या.’ ‘मंडपात शिरलं.’ ‘पादुकांवर आलं.’ ‘दक्षिणद्वार झालं.’ बस्स! पुराचं पाणी देवळात शिरून महाराजांच्या पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडलं, की दक्षिणद्वाराचा सोहळा झाला म्हणायचं. इतर गावांत पूर आला की लोक पळतात. आमच्याकडे त्यात आंघोळ करायला लोक लांबून येतात. सांगायचा मुद्दा असा की, रात्रभर घोरत पडलेल्या माणसाला वाडीत दोन शब्दांत रात्रीची सगळी हकीकत कळते. मागून आलेल्याला पुढच्यांच्या बरोबरीला आणून बसवायची ही विद्या आम्हाला जन्मजातच असावी. पुढे टीव्ही आला तेव्हा हाच प्रश्न घाटावरून उठला आणि थेट आमच्या माजघरात येऊन बसला.

टीव्ही आपल्या देशात आला तो १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत. मुंबईला पोचायला त्याला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. त्यानंतर १९८४ साली सरकारला एकदम हुक्की आली आणि रोज एक या हिशेबानं देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली. या लाटेत आमच्याकडेही एक लाकडी शटरवाला टीव्ही आला. गच्चीवर अँटेना बसली. तिच्यावर कावळा बसला की वृत्तनिवेदिकेला दोन डोकी यायची.

त्याच वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झालं. दीडशेच्या वर भाग झाले. शेवटी अशोककुमार यायचे, झालेल्या गोष्टीचं सार सांगायचे, दोन प्रश्न विचारायचे आणि निरोप घ्यायचे. आमच्याकडे यात्रेकरूंच्या जेवणाची सोय होती. माझी आई रात्रीची शेवटची पंगत उठवून, शेण फिरवून, हात पुसत माजघराच्या दाराशी यायची तेव्हा अशोककुमारच सुरू झालेले असायचे. असे कित्येक महिने गेले. एकदा ती आजीला म्हणाली, ‘हा म्हातारा बोलतो छान, पण त्याच्या आधी ती दुसरी माणसं कशाला घेतात कोण जाणे!’

या वाक्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आता आठवत नाही.

खरी कसोटी लागली ती २५ जानेवारी १९८७ पासून. रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं. त्या वेळी देशभर टीव्हीला हार घालणारी घरं होती. आमच्याकडे आजी उदबत्ती लावायची. माजघरात वीसेक माणसं. त्यातली निम्मी ओळखीची नसत. दर्शन करून आलेला यात्रेकरू चपला हातात घेऊन दारातूनच विचारायचा, ‘सीताहरण झालं का हो?’ एसटी स्टँडवर ‘इचलकरंजी गेली का हो?’ म्हणून विचारतात ना, त्याच सुरात! आतून कुणीतरी सांगायचं, ‘अजून अवकाश आहे, बसा.’

आणि आई स्वयंपाकघरात. रविवार म्हणजे गर्दीचा दिवस. दुपारच्या पंगतीची वांगी चिरायची नेमकी तीच वेळ. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि माझी एका पदावर नेमणूक झाली होती. दर पाच मिनिटांनी आत जायचं आणि काय झालं ते सांगायचं. मानधन म्हणून तळणीतला पहिला पापड.

‘कुठवर आलं रे?’

‘राम वनात गेला.’

‘ते मला ठाऊक आहे. कौसल्या काय करते?’

‘रडते.’

‘अरे पण कशी?’

आता आली का पंचाईत! रडते म्हणजे रडते. त्यात कशी काय? पण आईचा विळीवरचा हात थांबलेला असायचा. मग मी खांद्यावरचा पंचा डोक्यावरून घ्यायचो, खांबाला टेकायचो आणि हळूहळू खाली घसरत बसायचो. ‘राम, राम’ म्हणत एक हात दाराकडे न्यायचो आणि तो मध्येच गळून पडू द्यायचो. आई बघत राहायची. मग म्हणायची, ‘जा, पुढचं बघून ये.’

मधूनच वीज जायची. दूरदर्शनचा काही घोटाळा झाला तर पडद्यावर निदान ‘व्यत्यय’ अशी पाटी तरी लागायची. वीज गेल्यावर तीही सोय नाही. माजघरातली सगळी माणसं एकदम आईच्या पंक्तीला येऊन बसायची. पण माझी ड्युटी काही संपत नसे. मी आत जाऊन पुढचं आपल्या मनानंच सांगायचो. असे दोन राक्षस माझ्या हातून मेले आहेत, ज्यांची वाल्मीकींकडे नोंद नाही. आईच्या ते ध्यानात यायचं. ‘हे पोथीत नाही बरं का,’ असं म्हणून ती दुसरा पापड द्यायची.

एक गोष्ट मात्र तेव्हा डोक्यात आली नाही. रामायण आईला तोंडपाठ होतं. पुढं काय होणार, हे विचारायचं तिला कारणच नव्हतं. मग ती विचारत काय होती?

मोठेपणी मला वाचनाचा नाद लागला आणि या ‘कुठवर आलं’चा इतिहास मी शोधायला लागलो. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया असं आपण शाळेत शिकलो. पण माणसांचे खरे प्रकार दोनच. वेळेवर येऊन पुढे बसणारे आणि मागाहून येऊन शेजाऱ्याच्या कानाला लागणारे. पहिल्यांचे इतिहास पुष्कळ आहेत. दुसऱ्यांचा शोधला तेव्हा कळलं की, महाभारतच मुळी उशिरा आलेल्यांसाठी आहे.

जनमेजयाच्या सर्पसत्रात वैशंपायनांनी ही कथा सांगितली. ती ऐकून सौती नैमिषारण्यात गेला. तिथले ऋषी आपल्या सत्रात गुंतलेले. त्यांचा तो कार्यक्रम हुकला होता. त्यांनी विचारलं आणि सौतीनं पहिल्यापासून सांगितलं. त्यातही आदिपर्वात पर्वांचा सारांश आधीच देऊन टाकला, म्हणजे ज्याला घाई असेल त्याची सोय! संजय धृतराष्ट्राला युद्धाचं धावतं वर्णन सांगत बसला होता, असं आपण सर्व जण समजतो. पण भीष्मपर्व उघडून पाहा. दहा दिवस युद्ध झाल्यावर संजय रणांगणावरून येतो आणि आधी एकदम बातमी सांगतो की भीष्म पडले. धृतराष्ट्र हादरतो, कसं काय म्हणून विचारतो, आणि मग संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. गीतासुद्धा त्या मागच्या हकिकतीतच येते. शेवट आधी सांगून उत्सुकता वाढवायची आणि मग ‘मागील भागात’ सुरू करायचं, ही युक्ती मालिकावाल्यांनी शोधली असं कुणी म्हणत असेल तर त्याला भीष्मपर्व दाखवावं.

आमच्या वाडीचा ग्रंथ म्हणजे गुरुचरित्र. तिथं तर सबंध रचनाच अशी. नामधारक विचारतो, सिद्धमुनी सांगतात. अध्यायाच्या सुरुवातीला नामधारक हात जोडून म्हणतो की इथवर ऐकलं, आता पुढं सांगा. आणि सगळं संपल्यावर येते अवतरणिका. कोणत्या अध्यायात काय झालं, याचा ओळीनं गोषवारा. ज्यांना सबंध सप्ताह बसणं जमत नाही, ते नुसती अवतरणिका वाचतात. ‘सिंहावलोकन’ हा शब्द मराठीत आहे. सिंह चालता चालता थांबून मागं वळून बघतो म्हणे. नृसिंहाच्याच वाडीत ही प्रथा नसेल तर कुठं असणार?

आमच्या घरी आजोबा सप्ताहाला बसत. जुन्या रिवाजानं बायकांनी पोथी स्वतः वाचायची नाही, फक्त ऐकायची. पण ऐकायला बसणार कधी? नैवेद्य कोण करणार? आजीच्या कानावर ओव्या पडत त्या फोडणीच्या आवाजातून गाळून. आजोबा पोथी बांधून उठले की आजी ताट वाढता वाढता विचारायची, ‘कुठवर आलं?’ आजोबा म्हणायचे, ‘घेवड्याचा वेल.’ दोन शब्द. अमरापूरचा तो गरीब ब्राह्मण, त्याच्या दारातला वेल, महाराजांनी तो उपटल्यावर बायकोनं केलेला आकांत, आणि मुळाशी सापडलेला द्रव्याचा कुंभ – सगळं त्या दोन शब्दांत आलं. आजी क्षणभर थांबायची आणि म्हणायची, ‘बिचारीला कुंभ नंतर सापडला हो, पण आधी संध्याकाळी काय शिजवायचं हा घोर लागला असेल ना!’ आजोबा काही बोलत नसत. पोथीत याचं उत्तर नाही.

कीर्तनातही तेच. पुरुषमंडळी पूर्वरंगाला आधीपासून मांडी ठोकून बसलेली. मध्यंतरात बुवांना हार-बुक्का होतो, त्या सुमाराला बायका पदराला हात पुसत येतात. उत्तररंगाला तोंड लावताना बुवा मूळचं पद पुन्हा घोळवतात. लहानपणी मला वाटायचं, बुवा विसरले. तसं नव्हतं. बुवांना ठाऊक होतं की आता कोण आलंय आणि त्यांना उशीर का झालाय.

छापखाना आला तेव्हा कथेचे तुकडे पडले. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. ज्याचे पहिले अंक हुकले, त्यानं शेजाऱ्याकडे हात पसरायचे. मागचं लक्षात न ठेवणाऱ्या वाचकांना उद्देशून संपादकानं ठेवायला यापेक्षा चांगलं नाव सापडलं नसतं! पण गंमत सोडा. ती कादंबरी एका बाईनं आपल्या तोंडानं सांगितलेली मागची हकीकतच आहे.

मग आला रेडिओ. बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचं समालोचन करत तेव्हा धावफलक पुन्हा पुन्हा सांगितला जाई. तो आपल्या पानपट्टीवाल्यासाठी. गिऱ्हाईक आलं की त्याचं लक्ष उडायचं, चुना लावून होईपर्यंत एक गडी बाद झालेला असायचा.

तिकडे अमेरिकेत १९३० साली शिकागोच्या रेडिओवर इर्ना फिलिप्स नावाच्या बाईंनी ‘पेंटेड ड्रीम्स’ नावाची रोजची कौटुंबिक मालिका सुरू केली. असल्या मालिका चालवायला पुढे साबणाच्या कंपन्यांनी पैसे दिले, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ म्हणू लागले. रोज आरंभी निवेदक कालचं सांगणार, आणि शिवाय पात्रंही एकमेकांना तेच तेच सांगणार. विद्वान मंडळी याला पाल्हाळ म्हणून नावं ठेवत. पण हे ऐकणारी बाई खुर्चीवर बसलेली नव्हती हो! ती कपडे वाळत घालायला मागच्या दारी जायची आणि परत यायची. तोवर भांडण होतं तिथंच असायचं. मला तर वाटतं, ते पाल्हाळ नव्हतं, ती माणुसकी होती. धंद्याची का असेना.

उलट उदाहरणही सांगतो. अमेरिकेत पूर्वी सिनेमा सतत चालू असे. लोक वाटेल तेव्हा आत शिरायचे आणि आपण आलो तो प्रसंग पुन्हा आला की उठून जायचे. १९६० साली हिचकॉकनं ‘सायको’ काढला आणि चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा नियम केला. आमच्या आईला त्यानं जन्मात सिनेमा बघू दिला नसता.

२ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ सुरू झालं आणि माझी नोकरी धोक्यात आली. पडद्यावर चक्र फिरायचं आणि हरीश भिमाणींच्या आवाजात साक्षात काळ, ‘समय’, बोलायचा. काळच स्वतः येऊन मागचं-पुढचं सांगतो म्हटल्यावर अकरावरून बारा वर्षांच्या झालेल्या पोराला कोण विचारतो? पण नाही. समय मोठमोठ्या गोष्टी सांगायचा; कुंतीनं पदर कसा धरला ते काही सांगायचा नाही. माझं पद टिकलं.

पुढं मी पुण्याला नोकरीला लागलो आणि पद रिकामं झालं. १९९९ ला अल्फा मराठी आली, पाठोपाठ ई टीव्ही मराठी. ‘मागील भागात’ हे आता मालिकेतच शिवून यायला लागलं. शिवाय दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून दहा वर्षांहून अधिक काळ चाललं, तीन हजारांवर भाग झाले. त्यात चार दिवस कुणी चुकलं तरी सासू होती तिथंच होती. आता तर मोबाइलवर वाटेल तो भाग वाटेल तेव्हा पहिल्यापासून दिसतो. परवा मुलाच्या फोनवर एक बटण पाहिलं. मागील भागाचा सारांश नको असेल तर ते दाबायचं, की सारांश गाळून गाडी पुढं.

ते बटण पाहून मी जरा वरमलो. कारण ते मी फार वर्षं दाबत आलो होतो. आई दर रविवारी फोनवर मला वाडीचा मागील भाग सांगायची. कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणी घर विकलं, कोणती म्हातारी गेली. आणि मी इकडे पेपर चाळत म्हणायचो, ‘बरं, बरं, पुढं?’ ती कधी विचारायची, ‘ऐकतोयस ना?’ मी म्हणायचो, ‘हो.’ कशी ते विचारलं नाही मी कधी.

ऑगस्ट २०१९ मध्ये वाडीत फार मोठा पूर आला. पुराचं आम्हाला कौतुक, पण हा कौतुकाचा नव्हता. आई जयसिंगपूरला नातेवाइकांकडे निघून गेली होती. महामार्ग बंद, मला जाता येईना. कसाबसा फोन लागला. मी विचारलं, ‘कुठवर आलं?’

फूट-मीटर नाही. वाडीच्या पद्धतीनं ती म्हणाली, ‘तुझं दप्तर अडकवायची खुंटी बुडाली.’

‘आणि टीव्ही?’

‘अरे, टीव्ही खुंटीच्या खालीच नाही का?’

पुढं काय बोलावं ते मला सुचेना. तेव्हा पहिल्यांदा मी तिला म्हटलं, ‘आई, सगळं सांग. पहिल्यापासून सांग.’ आणि तिनं सांगितलं. रात्री कोण हाक मारायला आलं, होडीत कोण आधी बसलं, शेजारच्या काकूंनी पिंजऱ्यातला पोपट कसा पदराखाली घेतला. अर्धा तास. आजवरचं सगळ्यांत चांगलं ‘मागील भागात’.

त्यानंतर ती आमच्याकडे पुण्याला आली. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात कोंडला गेला आणि २८ तारखेपासून दूरदर्शननं ‘रामायण’ पुन्हा लावलं. माझी बायको म्हणाली, ‘आई, तुम्ही बसा बघू. पोळ्या आज हे करतील.’ तेहेतीस वर्षांनी आई प्रथमच आरंभाच्या नावांपासून टीव्हीसमोर बसली. मी स्वयंपाकघरात. पोळपाटावर श्रीलंकेचा नकाशा जमत आला होता. बाहेर संगीत वाजायचं, माझा जीव वरखाली व्हायचा आणि मी आतून ओरडायचो, ‘कुठवर आलं?’

आई सांगायची नाही. म्हणायची, ‘गॅस बंद कर आणि इकडे येऊन बस.’

असे काही दिवस गेले. मग राम वनात निघाला तो भाग आला. मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभा राहिलो. पडद्यावर कौसल्या रडत होती. आई पापणी न हलवता बघत होती. भाग संपला, नावं पुन्हा वर सरकू लागली. मी हळूच विचारलं, ‘कसं वाटलं?’

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला.

‘बरी आहे,’ ती म्हणाली. ‘पण तुझी कौसल्या जास्त चांगली रडायची.’